कळ दाबल्यानंतरचा सूर

शेवटची लोकल करी रोडवरून गेली की आमच्या चाळीत अडीच-तीन तासांची शांतता येते. तशी पूर्ण शांतता नाहीच. कुणाचा तरी पंखा टकटकत असतो, मोरीतला नळ ठिबकत असतो, खाली गल्लीत कुत्री भांडत असतात. पण रुळांवरून जमिनीतून वर येणारा तो घुमारा थांबतो, आणि माइकला सगळ्यात जास्त तोच ऐकू येतो. एप्रिलमधल्या अशा अकरा रात्री मी आणि बाबा जागलो. खिडकीला दोन गोधड्या अडकवलेल्या, पंखा बंद, पाटावर बाबांचा बेंजो. आई आतल्या खोलीत झोपलेली. बाबांचा गंजीफ्रॉक घामाने पाठीला चिकटलेला.

“पुढची,” मी म्हणायचे. बाबा डाव्या हाताने कळ दाबायचे, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने तारांवर एकच फटका मारायचे, आणि सूर पार विझेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो. बेंजोला कळा २५. प्रत्येक कळेचे हळू, मध्यम आणि जोरात असे तीन आवाज, आणि ते प्रत्येकी चार वेळा. म्हणजे ३०० फटके, चुकलेले वेगळे. आयुष्यभर मिरवणुकीत तासन्‌तास न थांबता वाजवलेल्या माणसाला एक फटका मारून गप्प बसायला सांगणं सोपं नव्हतं. पहिल्या रात्री तर तिसऱ्या-चौथ्या फटक्यानंतर त्यांचा हात आपोआप चालीत शिरायचा.

बाबांचा बेंजो मला कॉम्प्युटरमध्ये हवा होता. त्याचं रेकॉर्डिंग नव्हे, तो स्वतः. म्हणजे मी माझ्या छोट्या कीबोर्डवर बोट ठेवलं की तो वाजला पाहिजे, मला हवी ती चाल, मला हवी तेव्हा. याला व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट म्हणतात.

ज्यांनी लालबाग-परळचे गणपती पाहिले आहेत त्यांना बेंजो पार्टी म्हणजे काय ते सांगायला नको. हळद असो, गोविंदा असो, विसर्जन असो, गाडीवर भोंगे, जनरेटर, आणि मागे चालणारी माणसं: ढोलकी, ताशा, झांज, कॅसिओ, ऑक्टोपॅड, आणि गळ्यात पट्टा अडकवून बेंजो. लांबट लाकडी खोका, त्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की खालची लोखंडी पट्टी तारांवर बसते आणि तारेची लांबी तिथे तुटते. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२च्या सुमाराला नागोयात मोरिता गोरो यांनी ते बनवलं, ताइशोगोतो नावाने, आणि बटणांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप, म्हणजे तारांचं हलणं विजेच्या लहरीत बदलणारा तुकडा, लावून अॅम्प्लिफायरला जोडलं आणि मुंबईच्या गल्ल्यांनी त्याला बेंजो करून टाकलं. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नावापलीकडे काहीही नातं नाही. आज कोळीगीत बेंजोवर ऐकताना कुणाच्या मनात जपान येत नाही. वाद्य कुठून आलं याला माझ्या लेखी फार किंमत नाही, ते कुणाच्या हातात किती वर्षं राहिलं याला आहे.

बाबांच्या हातात हे वाद्य १९८२च्या संपात आलं. आजोबा गिरणीत, बाबा तिथेच बदली कामगार. संप लांबत गेला, घरात पैसा येईना, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या काकांच्या पार्टीत एक बेंजोवाला कमी होता. बाबांनी सहा महिन्यांत शिकून घेतलं. पुढे त्यांना दुसरी नोकरी लागली, पण बेंजो सुटला नाही. गेली चार वर्षं मात्र त्यांच्या उजव्या मनगटात शक्ती राहिली नाही. दोन चाली वाजवल्या की हात बधिर होतो. बेंजो कपाटावर, चादरीत गुंडाळून.

मी कॉम्प्युटरवरच्या संगीताकडे आले ती २०११मध्ये, लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेल्या पीसीमुळे. तो घेतला होता अकाउंट्सच्या अभ्यासासाठी. एका मैत्रिणीच्या भावाने त्यात एक फुकटचा सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे आवाज घडवणारा प्रोग्राम, टाकून दिला. पडद्यावर शंभरेक खुंट्या आणि इंग्रजी अक्षरं. पहिले पंधरा दिवस मी फक्त तयार आवाज एकामागोमाग वाजवून बघत होते. मग एका रात्री सगळं बंद करून एकच लहर उरवली, करवतीच्या दात्यासारखी दिसणारी, सॉटूथ. कर्कश, भणभणणारा आवाज. आणि फिल्टर नावाची खुंटी हळूहळू खाली आणली.

आणि मला आमची चाळ ऐकू आली. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि कुणीतरी दार लावून घेतं, तेव्हा काय होतं? आवाज नुसता कमी होत नाही, त्यातली धार जाते. शब्द जातात, घुमणं उरतं. फिल्टर तेच करतो. सॉटूथ लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी स्वरकं भरलेली असतात, आणि फिल्टर वरून एकेक कापत येतो. चौकोनी लहरीत फक्त विषम पटींची असतात, म्हणून तिचा आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखा. एकशे ऐंशी चौरस फुटांत वाढलेल्या मुलीला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कोणत्या दाराआडून कुणाचा आवाज कसा येतो हे माझ्या कानांना आधीपासून ठाऊक होतं. त्याला नावं मिळाली, एवढंच.

जागेचा मुद्दा आलाच आहे तर तोही सांगते. या शहरात वाद्य घ्यायचं म्हणजे आधी ते ठेवायचं कुठे हा प्रश्न. तंबोरा खुंटीला टांगता येतो, पेटी खाटेखाली सरकते, पियानोचं तर नावच नको. आणि वाजवायचं कधी? पलीकडे कुणाचं बाळ झोपलेलं, अलीकडे कुणाची दहावी. कानाला हेडफोन लावून रात्री दोन वाजता मी मूग सिंथेसायझरचा घनगंभीर खर्ज वाजवू शकते, अख्खा पियानो वाजवू शकते, आणि माझ्यापासून दोन हातांवर झोपलेल्या आईची झोप मोडत नाही. ज्यांच्या घरी रियाजाला वेगळी खोली आहे त्यांना याचं मोल कळणं कठीण आहे.

हे सगळं शक्य झालं ते फार जुनं नाही. १९८३च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले, एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. ती मिडीची सुरुवात. मिडीत आवाज नसतोच, फक्त निरोप असतो: कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. जोर मोजायला आकडे १२७पर्यंत. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स७ आला, स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर चालणारा, काचेवर टिचकी मारल्यासारखा पियानो वाजवणारा. आज त्याची हुबेहूब सॉफ्टवेअर आवृत्ती डेक्स्ड नावाने फुकट मिळते. १९९६मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणलं, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला बाहेरचे छोटे प्रोग्राम, प्लगिन, जोडण्याची पद्धत, १९९९मध्ये त्याच व्हीएसटीत वाद्यंही बसू लागली, आणि खोलीभर यंत्रं लागायची ती एका पडद्यात आली.

पण माझ्या मनात घर करून आहे ते यातलं काहीच नाही. माझ्या मनात आहेत चरणजीत सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारा हा वादक. १९८२मध्ये, म्हणजे बाबा बेंजो शिकत होते त्याच वर्षी, याच शहरात त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं एक यंत्र टीबी-३०३, बास गिटारवाल्याची जागा भरून काढावी म्हणून बनवलेलं, आणि त्या कामात सपशेल अपयशी ठरलेलं. त्या यंत्रात एक सोय होती, स्लाइड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची. रागाला हवं असतं ते नेमकं हेच, दोन सुरांच्या मधलं. काही वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून एक आख्खा नवा संगीतप्रकार काढला. चरणजीत सिंग यांची तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही, २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाचे डोळे विस्फारले. मी ती ऐकते तेव्हा मला भविष्य वगैरे काही ऐकू येत नाही. मला एक वादक ऐकू येतो जो यंत्रात मींड कुठे लपली आहे ते शोधतोय.

ऑफिसमधला माझा एक सहकारी सतार शिकतो. तो नेहमी म्हणतो, हे सगळं खोटं आहे, खरं वाद्य शीक. मी त्याच्याशी वाद घातला आहे, पण त्याच्या म्हणण्यातला एक भाग मला आतून टोचतो. या शहरातल्या स्टुडिओंमध्ये एकेकाळी एका गाण्याला तीस-चाळीस व्हायोलिनवाले बसायचे. आज तेवढी व्हायोलिनं एका प्लगिनमध्ये मिळतात. बाबांच्या पार्टीत एक क्लॅरिनेटवाले मामा होते. कॅसिओ आला, त्यात क्लॅरिनेटचं बटण होतं, आणि दोन सीझनमध्ये मामांना सुपारी येणं थांबलं. ते बटण क्लॅरिनेटसारखं वाजतही नव्हतं. मी जे करते त्याच्या मुळाशी कुणाचं तरी गेलेलं काम आहे, आणि ते मनात ठेवूनच मी हे करते.

म्हणूनच बेंजो करायचा तर नीट करायचा, असं मी ठरवलं होतं.

पहिला प्रयत्न गणिताने केला. तार छेडल्याचा आवाज बनवण्याची एक फार सुंदर युक्ती आहे, कार्प्लस-स्ट्राँग नावाची, तीही १९८३चीच. आधी गोंगाटाचा एक अगदी छोटा तुकडा घ्यायचा, पावसाच्या सरीचा क्षणभर आवाज यावा तसा. तो एका फेऱ्यात फिरवत ठेवायचा, आणि प्रत्येक फेरीत शेजारशेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. बस. गोंगाट फिरता फिरता मऊ होत जातो आणि त्यातून तारेचा सूर निघतो, खऱ्या तारेसारखा विझतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती एकच पट्टी वाजवत बसले होते. पण तो बेंजो नव्हता. तार होती, चांगली तार होती, कुणाचीही होती.

मग सॅम्पलिंग, खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून तो कीबोर्डच्या पट्टीला जोडणं. म्हणजे त्या अकरा रात्री. मी दोन वाटांनी आवाज घेत होते: एक पिकअपमधून सरळ, दुसरा समोर ठेवलेल्या माइकमधून. पिकअपचा आवाज स्वच्छ. माइकमध्ये मात्र बटणाची खट्ट, स्प्रिंगची किरकिर, बाबांचा श्वास, एकदा तर पहाटेचा कावळा. मी माइकचा ट्रॅक बाजूला ठेवला. स्वच्छ तेवढं घेतलं, प्रत्येक फटका कापला, नावं दिली, कोणती फाइल कोणत्या पट्टीवर आणि किती जोराला वाजायची हे ओळीओळीने लिहून काढलं. आणि मग मी ती चूक केली. ट्यूनर लावून पाहिलं तर काय, एकही कळ सुरात नाही! गंधार चौदा सेंट खाली, वरचा निषाद नऊ सेंट वर. (सेंट म्हणजे कीबोर्डच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) चार तारा एकाच सुरात मिळवलेल्या, पण त्यांतही उन्नीस-बीस. मी सगळ्या फाइली एकेक करून सरळ केल्या. दोन रविवार गेले. अभिमानाने बाबांना हेडफोन लावून दिले.

त्यांनी पाच-सात पट्ट्या दाबल्या. हेडफोन काढले. “कुणाचा आहे हा?”

“तुमचाच, बाबा.”

“नाही बाय. माझा नाही हा.”

त्यांना सेंट म्हणजे काय ठाऊक नाही, पण गंधार कुठला ते ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा बरोबर तेवढाच, चौदा सेंट, खाली असतो. बाबांच्या कळेवरचा तो गंधार कसा जागेवर आला, कारागिराच्या हातून की चाळीस वर्षं पट्टी घासून, ते मला सांगता येणार नाही. पण मी तो सरळ करून मारला होता. आणि त्या चार तारांमधला फरक! एक तार सेकंदाला ४४० वेळा हलते आणि दुसरी ४४२ वेळा, तेव्हा त्या दोघींत सेकंदाला दोन लाटा उठतात. बेंजोचा जो थरथरता, भरून आलेला आवाज विसर्जनाच्या गर्दीत छातीवर येतो तो या लाटांचा. सिंथेसायझर बनवणारे हीच गोष्ट डीट्यून नावाची खुंटी देऊन मुद्दाम करतात. आणि मी ती पुसत बसले होते.

मी मूळ फाइली परत आणल्या. माइकचा ट्रॅकही आणला, खट्टसकट, किरकिरीसकट.

तेव्हा बाबा बसले, ऐकलं, मान हलवली. हं, म्हणाले, बेंजो आहे. मग पुन्हा वाजवून पाहिलं, आणि म्हणाले, “वाजतोय बेंजोच. पण दाबत कोण नाहीये.”

मला हे कळायला वेळ लागला. मी त्यांना खरा बेंजो काढायला सांगितला आणि यावेळी माइक न लावता फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. उजव्या हाताचा फटका बसतो, सूर निघतो, आणि त्यानंतर डाव्या हाताचं बोट स्वस्थ बसत नाही. ते कळेला आणखी खोल रेटतं. तार ताणली जाते, सूर केसभर वर चढतो आणि परत येतो. लांब सुरावर दोनदा, तीनदा. बेंजोला मींड नाही, बटणांनी ती बंद केली आहे, आणि माझ्या बापाने बटणाखालच्या दोन मिलिमीटरमध्ये ती परत मिळवली होती. माझ्या तीनशे फटक्यांत हे कुठेच नव्हतं, कारण मीच त्यांना सांगितलं होतं, एक फटका मारा आणि हलू नका.

मिडीत यासाठी जागा आहे. पट्टी दाबून झाल्यावर ती आणखी किती रेटली हे सांगणारा एक निरोप असतो, आफ्टरटच. माझ्या स्वस्तातल्या कीबोर्डला तो नव्हता. बाबा त्यावर वाजवताना प्रत्येक लांब सुरावर प्लास्टिकची पट्टी तळापर्यंत रेटायचे, बोटाचं पेर पांढरं पडायचं, आणि काहीच व्हायचं नाही. ते पाहवेना. पुढच्या पगारात मी एक जुना, वापरलेला कीबोर्ड घेतला, आफ्टरटच असलेला. रेटलेपणा सुराच्या उंचीला जोडला, जास्तीत जास्त तीस सेंट. ते प्रमाण बसवायला तीन संध्याकाळी लागल्या. वीसला बाबा म्हणाले अडकतंय, चाळीसला म्हणाले सिनेमातलं रडणं वाटतंय.

उशीर होतो ती तक्रार मात्र त्यांनी कधी केली नाही. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून बाहेर सोडतो, त्यामुळे पट्टी दाबणं आणि ऐकू येणं यात अंतर पडतं. १०२४ नमुन्यांचा साठा ठेवला तर २३ मिलिसेकंद, माझा हात त्याने गोंधळतो. १२८वर आणलं की तीनाच्या आत, म्हणजे आवाजाला एक मीटर यायला लागतो तेवढाच वेळ. मी बाबांना विचारलं, आधी उशीर जाणवत नव्हता? ते म्हणाले, भोंगा पुढे गाडीवर आणि आम्ही दहा पावलं मागे, आयुष्यभर तसंच वाजवलं, तिथे कानाचं नाही, बोटाचं ऐकायचं.

परवा रात्री मला जाग आली तेव्हा अडीच वाजले होते. टेबलावरचा दिवा चालू, बाबा स्टुलावर, कानाला हेडफोन. या कीबोर्डला पट्टीचा फटका लागत नाही, त्यामुळे मनगट दुखत नाही, म्हणून ते आता रोजच बसतात. खोलीत सुराचा मागमूस नव्हता. ऐकू येत होती फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची खट-खट, खटाखट, मग एक लांब खट्ट आणि त्यानंतर स्टुलाची बारीक कुरकुर, म्हणजे बोट रेटलं जात होतं. मी डोळे मिटून पडून राहिले. चारेक आवर्तनांनंतर चाल ओळखू आली, चिंचपोकळीच्या पुलावर गर्दी अडली की त्यांची पार्टी धरायची ती. आतल्या खोलीतून आईचा झोपाळलेला आवाज आला, “अहो, जरा सावकाश. पुढे गेलात.”